खपलीचा हिशोब

लाकूड जळतं, कागद जळतो, कोळसा जळतो. पण लोखंड जळतं असं कुणी म्हटलं की आपण त्याच्याकडे जरा संशयाने बघतो. दिवाळीतली फुलबाजी आठवा मग. त्या सोनेरी ठिणग्या म्हणजे दुसरं काही नाही, जळणारा लोखंडाचा कीस. कीस बारीक असतो म्हणून भुर्रकन जळतो. जाडजूड लोखंड एवढा तमाशा करत नाही, गपचूप जळतं. आणि जे गपचूप होतं, त्याचा हिशोब सहसा कुणी मागत नाही. आजचा लेख त्या हिशोबाबद्दल आहे.

माझा एक मावसभाऊ जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये प्रॉडक्शन बघतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून दादा. जालना म्हटलं की आपल्याला मोसंबी आठवते, बियाणं आठवतं, फार तर 'जालना सोने का पालना' ही म्हण आठवते. पण आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये ज्या सळया असतात, त्यातल्या बऱ्याच त्या गावच्या एमआयडीसीतून आलेल्या असतात. काम ऐकायला सोपं आहे. बिलेट म्हणजे पोलादाचा चौकोनी लांब ओंडका. तो भट्टीत ११५० ते १२५० अंशांपर्यंत तापवायचा, मऊ झाला की रोलमधून पुन्हा पुन्हा दाबत काढायचा, आणि शेवटी सळई बाहेर.

या तापवण्यात एक गोष्ट अटळपणे होते. भट्टीतल्या गरम वायूंमधला ऑक्सिजन लोखंडाला चिकटतो आणि बिलेटच्या अंगावर काळसर खपली धरते. मिलमधले लोक तिला 'स्केल' म्हणतात. पहिल्या रोलमध्ये दाब बसला, पाण्याचा फवारा आला, की ती तडतडत गळून पडते आणि खालच्या खड्ड्यात जाते. जेवढं लोखंड खपलीत गेलं, तेवढं सळईत आलं नाही. या घटीचं बोलीतलं नाव 'बर्निंग लॉस'. नावच बघा ना, लोकांना ठाऊक आहे की लोखंड जळतंय!

आता तुम्ही म्हणाल, एवढीशी खपली, तिचं काय घेऊन बसलात? तर एक छोटं गणित करू. १०० मिलिमीटर बाय १०० मिलिमीटरचं बिलेट घ्या. चारही बाजूंनी फक्त अर्धा मिलिमीटर धातू गेला, असं समजा. उरलं ९९ बाय ९९. म्हणजे १०,००० चे ९,८०१ झाले. जवळपास दोन टक्के गायब! तोच अर्धा मिलिमीटर २५० मिलिमीटरच्या जाड ठोकळ्यावरून गेला तर घट ०.८ टक्के. म्हणजे लहान बिलेट वापरणाऱ्या लहान मिलला हा फटका जास्त बसतो. गरिबाच्या घरी पाहुणा जरा जास्तच जेवतो, तसं.

पैशात बघायचं तर, हिशोबापुरतं धरा की मिल दिवसाला २०० टन माल काढते आणि वर्षाचे ३०० दिवस चालते. झाले ६०,००० टन. त्याचा एक टक्का ६०० टन. टनाला ४५,००० रुपये धरले तर दोन कोटी सत्तर लाख. खपली विकली जाते, नाही असं नाही. सिमेंटवाले घेतात, सिंटर प्लँटवाले घेतात. पण पोलादाच्या भावाच्या मानाने ती मातीमोलच.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दादाच्या मिलमध्ये ही घट वर्षानुवर्षं दोन टक्क्यांच्या आसपास असायची. ती हळूहळू तीनकडे सरकायला लागली. आत गेलेल्या बिलेटचं वजन, बाहेर आलेल्या सळईचं वजन, कापलेली टोकं, वाया गेलेले तुकडे, सगळं धरूनही काट्यावर माल कमी. शेठना एकच शंका आली. चोरी. आणि चोरी म्हटलं की बोट कुणाकडे वळतं? जो रात्रपाळीला असतो त्याच्याकडे. भट्टीवरचे मिस्त्री, ज्यांना सगळी मिल 'मामा' म्हणते, त्यांच्या पाळीत घट सगळ्यात जास्त निघत होती. तीस वर्षं भट्टीसमोर घालवलेला माणूस. गेटवर त्यांची डब्याची पिशवी तपासायला लागले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण असल्या गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

दादाचा फोन आला, "अरे, तुम्ही लोक त्या डेटा-बिटाचं काहीतरी करता ना? मी लॉगबुकचे फोटो पाठवतो. बघ जरा काही दिसतंय का. मामांनी जेवणं सोडलंय रे."

पुढचे दोन शनिवार-रविवार मी हस्ताक्षर लावण्यात घालवले. (डॉक्टरांचं अक्षर वाईट म्हणणाऱ्यांनी एकदा शिफ्ट सुपरवायझरचं लॉगबुक वाचावं.) वाचता वाचता ऑक्सिडेशनबद्दल जे हाताला लागेल ते वाचलं. हा विषय शंभर वर्षं जुना आहे आणि त्यातलं मुख्य सूत्र आठवीतल्या मुलालाही समजेल असं आहे.

खपली ही एक भिंत असते. नवी खपली बनायची तर लोखंडाच्या अणूंना त्या भिंतीतून वाट काढत बाहेर यावं लागतं. भिंत जाड झाली की वाट लांब, म्हणून वाढीचा वेग मंदावतो. टामान यांनी १९२० मध्ये आणि पिलिंग-बेडवर्थ या जोडीने १९२३ मध्ये हे मांडलं, आणि कार्ल वॅगनर यांनी १९३३ मध्ये त्यामागची उपपत्ती दिली. खपलीची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. चौपट वेळ, तर दुप्पट खपली. तापमानाचा परिणाम याहून जोरकस. ११५० ऐवजी १२५० अंशांवर ठेवलं तर तेवढ्याच वेळात खपली साधारण दीडपट होते.

आता हे सूत्र घेऊन लॉगबुककडे बघा. भट्टीत बिलेट दोन तास राहायला हवं होतं, पण मिल बंद पडली म्हणून चार तास राहिलं. दोनचं वर्गमूळ १.४१. म्हणजे खपली चाळीस टक्क्यांनी जास्त. दोन टक्क्यांची घट झाली २.८ टक्के!

मी ब्रेकडाऊनच्या मिनिटांची आणि घटीची शेजारी शेजारी रांग लावली. ज्या पाळीत मिल जास्त वेळ उभी, त्या पाळीत घट जास्त. कुणाची पाळी आहे याने काही फरक पडत नव्हता. मामांच्या पाळीत घट जास्त दिसायचं कारण साधं होतं. रोल बदलायची आणि दुरुस्तीची कामं रात्रीच काढली जायची, आणि मेंटेनन्सची मुख्य माणसं रात्री घरी असायची. आणि रोल जुने होत चालले होते, त्यामुळे खोळंबेही वाढत चालले होते.

पण शेठ म्हणाले, "कागदावर काय, काहीही दाखवता येतं." म्हणणं चूक नव्हतं. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. मग दादाने जे केलं त्याला मी मनापासून दाद देतो. त्याने खपलीच वजन करायला घेतली! दोन आठवडे खड्ड्यातला गाळ उपसून, वाळवून, काट्यावर चढवला. वाळवणं महत्त्वाचं, कारण ओल्या खपलीत पाणी आणि तेल भरपूर असतं. भट्टीच्या तळाशी साचलेला थरही खरवडून धरला. खपलीच्या वजनात ढोबळमानाने पाऊण हिस्सा लोखंड असतं. तो पाऊण हिस्सा काढला आणि हरवलेल्या मालाशी ताडून पाहिला. थोडाफार फरक सोडला तर जुळलं. लोखंड गेटबाहेर गेलंच नव्हतं. खड्ड्यात पडलं होतं.

मग प्रश्न उरला, आता करायचं काय?

पहिली गोष्ट हवा. इंधन पूर्ण जळायला जितकी हवा लागते त्याहून थोडी जास्त द्यावी लागते. फर्नेस ऑइलच्या भट्टीत दहा टक्के जास्त हवा म्हणजे धुरात दोनेक टक्के ऑक्सिजन. त्यापुढची हवा इंधनही खाते आणि लोखंडही. गंमत अशी की मिल थांबली की मिस्त्री इंधन कमी करतो, पण ब्लोअरचा डँपर तसाच राहतो. म्हणजे खोळंबलेल्या गरम बिलेटवर उलट जास्तच ऑक्सिजन! दोन्ही एकत्र फिरवायला हवेत.

दुसरी गोष्ट दारं. भट्टीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की प्रत्येक फटीतून गार हवा आत खेचली जाते. म्हणून चिमणीचा डँपर असा लावायचा, की बिलेटच्या पातळीला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहील. दारातून ज्योतीची जीभ थोडीशी बाहेर डोकावली तर ठीक. भसाभस बाहेर येत असेल तर तेही नुकसानच.

मग हवा एकदम कमी का करू नये? मलाही वाटलं होतं, की ऑक्सिजनच नसेल तर काय जळणार? पण इंधन जळल्यावर तयार होणारा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ हेसुद्धा तापलेल्या लोखंडाला ऑक्सिजन देतात. १२०० अंशांना हे थांबवायचं तर भट्टीत कार्बन मोनॉक्साइड हा कार्बन डायऑक्साइडच्या तिपटीच्या आसपास हवा. म्हणजे निम्म्याहून जास्त इंधन अर्धवट जाळून सोडून द्यायचं, वर विषारी वायू. घट शून्यावर येत नाही, कमी करता येते एवढंच.

मोठे उपायही आहेत. वितळभट्टीतून ओतलेलं लाल बिलेट थेट रोलवर नेलं की पुन्हा तापवायचं कामच उरत नाही. स्वतःची वितळभट्टी असलेल्या बऱ्याच मिल आता हा रस्ता धरतात. फोर्जिंगवाले विजेच्या इंडक्शन हीटरवर तुकडा काही मिनिटांत तापवतात, त्यामुळे खपली धरायला वेळच मिळत नाही. पण दादाची मिल बिलेट बाहेरून विकत घेते, ती गारच येतात. आणि नवीन यंत्रणेला शेठ तयार नव्हते.

राहता राहिला वेळ. मिल थांबली की भट्टीचं तापमान शंभरेक अंशांनी उतरवायचं, आणि सुरू व्हायच्या आधी पुन्हा चढवायचं. पुस्तकात हे दोन ओळींत आहे. प्रत्यक्षात अडतं कुठे, तर जाड बिलेट परत तापायला वेळ लागतो. मिल नक्की कधी सुरू होणार हे मामांना कळायला हवं. आणि फिटरला विचारलं की उत्तर ठरलेलं, "पाच मिनिटं." ही पाच मिनिटं दीड तास चालतात. बिचारे मामा, मिल सुरू झाली आणि माल गार निघाला तर बोलणी त्यांनाच, म्हणून भट्टी भरधाव ठेवून उभे! घट त्यांच्या नावावर पडली, आणि वर चोरीचा संशय.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही 'पाच मिनिटं' ओळखीची वाटली असेल. आम्हीही 'दोन दिवसांत होतं' असंच सांगतो. फरक एवढाच की आमच्या उशिराने पोलाद जळत नाही.

दादाने शेवटी भट्टीशेजारी एक फळा लावला. मिल थांबली की फिटरने स्वतः तिथे येऊन अंदाज लिहायचा, अर्ध्या तासाने पुन्हा. अर्ध्या तासापेक्षा जास्त लिहिलं असेल तर मामांनी तेल आणि हवा दोन्ही उतरवायची, कुणालाही न विचारता. मग माल गार निघाला तर जबाबदारी फळ्यावर लिहिणाऱ्याची. दाराच्या फटी बुजवल्या. खर्च म्हणाल तर फळा, खडू आणि थोडी भट्टीची माती.

घट उतरली. पूर्वीच्या दोनवर पूर्ण नाही आली, पण जवळ आली. मामांची पिशवी तपासणं बंद झालं. माफी मात्र कुणी मागितली नाही, आणि गेटवरचा कॅमेरा अजून आहे. दादा सांगत होता, एकदा मामांनी खड्ड्यातली मूठभर खपली उचलली, हातावर घासली आणि म्हणाले, "भाऊ, हिला आधी कुणी तोललं असतं तर बरं झालं असतं."

मला वाटतं, ज्याला आपण 'एवढं तर जाणारच' म्हणतो, ते एकदा तरी वजनकाट्यावर ठेवून बघावं. नाहीतर त्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजत असतो.

असो. भाजीची पिशवी घेऊन बायको दारात उभी आहे, आणि मी तिला "पाच मिनिटं" म्हणालोय. निघतो.