मोगलीची चड्डी कोणी शिवली?

डॉक्टरने सिनेमातलं ऑपरेशन बघू नये, वकिलाने सिनेमातला खटला बघू नये आणि चंद्रपूरच्या माणसाने कार्टूनमधलं जंगल बघू नये. तिघांच्याही प्रकृतीला ते मानवत नाही. बाकीची मंडळी सुखाने शेंगदाणे खात बघत असतात आणि हा एकटाच खुर्चीच्या काठावर येऊन 'अहो, असं नसतं!' म्हणून ओरडत असतो. घरातले लोक आधी हसतात, मग वैतागतात आणि शेवटी आवाज वाढवतात. टीव्हीचा.

कोणी म्हणेल, पोरांची करमणूक ती, तिच्यात कसली अक्कल शोधता? तसा मी अरसिक नाही. उंदराने मांजराला इस्त्री फिरवून त्याचा पापड केला आणि तो पापड पुढच्याच क्षणी उठून पळायला लागला, तरी माझी काही हरकत नसते. त्या जगाचा तो कायदाच आहे. माझी तक्रार असते ती कार्टूनवाले स्वतःच एक कायदा सांगतात आणि पाच मिनिटांनी स्वतःच मोडतात तेव्हा. आणि त्यातून ते हे सगळं आमच्या अंगणात येऊन करतात तेव्हा तर फारच.

अंगण म्हणजे अक्षरशः अंगण. मोगलीचं जंगल ते सिवनीचं. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत लागतं ते सिवनी. रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली 'जंगल बुक' लिहिलं, त्यात शेरखान राहतो तो वैनगंगेच्या काठी. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडाऱ्यावरून खाली येते आणि मग चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून वाहते. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली वेगळा निघाला, तेव्हा दोन भावांच्या मधला बांध म्हणून हीच नदी कामाला आली. म्हणजे मोगली जे पाणी प्यायला, तेच खाली वाहत आमच्याकडे येतं. एवढ्या नात्यावर चार शब्द सुनवायचा हक्क मला आहे, असं माझं नम्र मत आहे.

'जंगल बुक'ची मालिका जपानी लोकांनी १९८९ साली काढली आणि १९९३ साली दूरदर्शनने ती हिंदीतून दाखवली. रविवारी सकाळी गल्लीत चिटपाखरू नसायचं. आमचे चिरंजीव तेव्हा आठ वर्षांचे होते आणि मालिका चालू असताना घरात खोकायलासुद्धा बंदी होती. त्यामुळे माझे सगळे प्रश्न मनातच राहिले. आता त्याच चिरंजीवांची कन्या, वय वर्षं नऊ, तेच भाग मोबाईलवर बघते. मोबाईलवरचं कार्टून थांबवता येतं. तीस वर्षं तुंबलेले प्रश्न मी तिच्यापुढे ठेवले.

पहिला प्रश्न चड्डीचा. मोगलीची चड्डी कोणी शिवली? लांडग्यांच्या कळपात शिंपी नाही. किपलिंगने हे पोर लांडग्यांच्या गुहेत आणलं तेव्हा उघडंच होतं; म्हणजे मूळ लेखकाकडे बोट दाखवायचीही सोय नाही. पोर वर्षावर्षाने मोठं झालं आणि चड्डीही मोठी होत गेली. आम्हीही पोरांना 'वाढत्या अंगाचे' कपडे शिवत होतो. म्हणजे पहिली दोन वर्षं ढगळ, मधलं एक वर्ष बरोबर आणि पुढची दोन वर्षं तोकडे. पण अंगाबरोबर आपली आपण वाढणारी चड्डी आमच्या शिंप्याला शेवटपर्यंत साधली नाही.

"आजोबा, चड्डी नसती तर टीव्हीवर दाखवलं असतं का?" नात म्हणाली. पहिल्याच चेंडूवर माझा त्रिफळा. पण मी हटलो नाही.

दुसरा मुद्दा शेरखानचा. त्याचा हिंदी आवाज नाना पाटेकरांचा, तेव्हा आवाजाबद्दल तक्रार करायची कोणाची छाती आहे? तक्रार त्याच्या पोटाबद्दल आहे. वाघाला आठवड्याला साधारण एक मोठी शिकार लागते; वर्षाकाठी पन्नासच्या आसपास. मालिकेचे भाग बावन्न. म्हणजे दर रविवारी एक चितळ, असा हिशेब अगदी जुळत होता. पण हा गृहस्थ बावन्न आठवडे चितळ, सांबर, रानडुक्कर सगळं सोडून एका किडकिडीत पोराच्या मागे! खरा वाघ इतका हट्टी नसतो. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात. हुकली की तो सोडून देतो आणि सावलीत जाऊन पडतो. सूड, अपमान, प्रतिज्ञा हे सगळं माणसाचं. वाघाला ते परवडत नाही. शेरखान तिसऱ्या-चौथ्या भागातच उपासमारीने जायला हवा होता.

किपलिंगने निदान कारण दिलं होतं. त्याचा शेरखान जन्मतः एका पायाने लंगडा, म्हणून गावाची गुरं मारणारा. आणि त्याचा शेवट होतो तो म्हशींच्या कळपाखाली. हे आमच्या गुराख्यालाही पटेल. म्हशी एकवटल्या की वाघ वाट बदलतो. किपलिंगने सिवनीचं जंगल स्वतः पाहिलंही नव्हतं, असं म्हणतात. न बघता त्याला जे जमलं, ते पुढच्यांना चित्रं काढून जमेना.

पुढची यादी थोडक्यात देतो. लांडगा घनदाट रानात राहत नाही. त्याला माळरान लागतं, खुरटी झुडपं लागतात. दाट जंगलात कळपाने हिंडतात ते रानकुत्रे, पण किपलिंगने त्यांना खलनायक करून टाकलं. बगीरा मात्र मला मान्य आहे. २०१८ साली ताडोबात काळ्या बिबट्याचे फोटोच निघाले. भालूला गुरुजी केलं आहे. आमचं अस्वल मोहफुलं खातं, वाळवी ओढतं, पिल्लांना पाठीवर बसवून नेतं इथपर्यंत ठीक. पण ते इतकं तापट की जंगलातली माणसं 'वाघ परवडला, अस्वल नको' म्हणतात. असे गुरुजी आमच्याही शाळेत होते, पण त्यांच्या पोटावर कोणी झोपत नसे. डिस्नेच्या १९६७ सालच्या चित्रपटाने तर कहर केला. आमच्या रानात चक्क ओरांगउटान आणून बसवला. तो प्राणी सुमात्रा आणि बोर्निओ सोडून कुठे राहत नाही. एवढा समुद्र ओलांडून तो सिवनीला आला, ते कोणत्या गाडीने?

त्याच चित्रपटात हत्तींची पलटण आहे, लेफ्ट-राईट करत जाणारी. आमच्याकडे गडचिरोलीत कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. तिथले हत्ती खरोखरच सरकारी नोकर, आणि नोकरीतल्या माणसासारखेच शांत. पण २०२१ साली छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, त्याला कोणी कवायत शिकवली नव्हती. तो सरळ धानाच्या बांध्यांत शिरला.

नातीला वाटलं, आजोबांना फक्त 'जंगल बुक'चाच राग आहे. तिने मन मोठं करून दुसरी कार्टूनं दाखवली. 'छोटा भीम'मधल्या ढोलकपूरला राजा आहे, सैन्य आहे. पण संकट आलं की सगळा दरबार एका नऊ-दहा वर्षांच्या पोराकडे धावतो. मग सैन्याचा पगार कशाचा? बरं, ज्या पोराच्या ताकदीचं रहस्य लाडू, त्याच्यावर लाडू चोरायची पाळी का यावी? अख्ख्या राज्याचं संरक्षण खातं लाडवांवर चालतं, तर टुनटुन मौसीला सरकारी अनुदान द्यायला काय झालं?

'डोरेमॉन'चं त्याहून अवघड. नोबिताच्या नातवाच्या नातवाने बाविसाव्या शतकातून हा यंत्रमांजर मागे पाठवला. कशासाठी? तर नोबिताचं नशीब सुधारावं, त्याचं लग्न ठरल्या मुलीशी न होता शिझुकाशी व्हावं. आता खापरपणजीच बदलली, तर हा खापरपणतू जन्माला कसा येणार? आमच्याकडे स्थळ बघताना सात पिढ्या बघतात. पण पुढच्या सात पिढ्यांतला एक इसम येऊन स्वतःच्याच जन्मावर हरकत घेतो, हे मी प्रथमच पाहिलं.

नातीने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आजोबा, ते शहाण्यासारखे वागले तर गोष्टच संपेल ना!"

कार्टूनचा सगळा कायदा पोरीने एका वाक्यात सांगितला. शेरखानने चितळ धरलं की मालिका बंद. राजाने सैन्य वापरलं की भीम घरी. बावीस मिनिटं भरायची असतात, म्हणून पात्रांनी मूर्खपणा करायचा असतो. मी हे मनात नीट नोंदवून ठेवलं. 'असं कुठे असतं का?' म्हणताना मात्र आमच्या भागात जरा जपून राहावं लागतं, कारण इथे खरं जे घडतं ते कार्टूनवाल्यांनाही सुचणार नाही.

गडचिरोलीत भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. बाबा आमट्यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आमटे तिथे राहायला गेले. एकदा माडिया शिकारी मेलेली माकडीण घेऊन चालले होते आणि तिचं जिवंत पिल्लू तिला चिकटलेलं होतं. आमट्यांनी ते पिल्लू मागून घेतलं. तिथून सुरुवात झाली. मग बिबटे आले, अस्वलं आली, हरणं आली आणि घरच्या माणसांसारखी वाढली. त्यातल्या बिबट्यावर विलास मनोहरांनी 'नेगल' हे पुस्तकच लिहिलं. म्हणजे सिवनीला लांडग्यांनी माणसाचं पोर वाढवलं ही गोष्ट, आणि हेमलकशाला माणसांनी बिबट्याची पोरं वाढवली ही हकिगत. हे कार्टूनमध्ये दाखवलं असतं, तर पहिला शेंगदाणा मीच टीव्हीवर फेकला असता. आणि त्या शिकाऱ्यांचं वागणंही काही अडाणीपणाचं नव्हतं. त्यांना माकडाचं वैर नव्हतं. भूक होती.

आमच्याकडे सकाळी भाजी घेऊन एक बाई येतात. गाव ताडोबाच्या कडेला. एकदा टोपली उतरवून त्या नातीच्या मोबाईलमध्ये डोकावल्या. शेरखान कोणाला तरी धमकी देत होता. मावशींनी थोडा वेळ ऐकलं.

"काकाजी, हा वाघ इतका बोलते काऊन जी?"

"पोरांसाठी आहे मावशी. कार्टून आहे ते."

"नाही, बरं हाय. आमचा बी बोलला असता तं बरं झालं असतं. 'येऊन रायलो' म्हनला असता तं आमी बाजूले झालो असतो."

नात हसली. मला हसू आलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात, कामावरून परतणाऱ्या एका कामगाराला वाघाने मारलं होतं. आणि १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. पानं तोडताना, मोहफुलं वेचताना माणूस वाकलेला असतो. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. म्हणजे शेरखानसारखं वैर नाही, धमकी नाही, बावन्न भागांची तयारी नाही. नुसतं वाकणं.

मी विचारलं, "मावशी, वाघ आहे हे माहीत असून तुम्ही जाता कशाला?"

"पानाचा सीजन पंधरा-वीस दिसाचा हाय जी. त्याच पैशात धानाचं बियाणं येते, पोरीच्या वह्या येते. वाघ का, थो बारा महिने हाय." एवढं बोलून त्यांनी वांगी तोलून दिली आणि वर दोन मिरच्या टाकल्या.

पात्रांच्या विसंगत वागण्याची माझी एक लांबलचक यादी आहे. हे उत्तर तिच्यात बसवून बघितलं, बसेना. कार्टूनमध्ये पात्रं धोक्यात उडी घेतात ती गोष्ट चालावी म्हणून. इथे माणसं जातात ती चूल चालावी म्हणून. दुरून दोन्ही सारखंच वेडेपणाचं दिसतं.

ताडोबाची स्वतःचीही एक गोष्ट आहे. तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी लढला आणि मेला. लोकांनी त्याला देव केलं. तळ्याकाठी झाडाखाली त्याचं स्थान आहे आणि थंडीत तिथे जत्रा भरते. १९५५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं ते त्याच्याच नावाचं. नातीला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "म्हणजे हिरो हरला?" हो, हरला. कार्टूनमध्ये जिंकणाऱ्याचा जयजयकार होतो आणि पुढच्या रविवारी सगळं पहिल्यासारखं असतं. आमच्या लोकांनी हरलेल्याला शेंदूर लावला. वाघालाही ते वाघोबा म्हणतात आणि त्यालाही हात जोडतात. दोघंही तिथेच आहेत. निर्णय अजून लागायचाय.

तेव्हा चड्डीचा शिंपी, ओरांगउटानचं तिकीट आणि शेरखानचा उपास या माझ्या तक्रारी कायम आहेत आणि मोबाईल बंद होईपर्यंत कायम राहतील. फक्त एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. एवढ्या लांब यादीत, वाघ बोलतो कसा, याबद्दल मी एका अक्षरानेही तक्रार केलेली नाही.