वाचनालयात आलेला घोडा

मागच्या उन्हाळ्याची गोष्ट. आमच्या यवतमाळातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला रस्त्यातच गाठलं. म्हणाल्या, "मॅडम, सुट्टीत मुलांसाठी दर रविवारी तासभर काही करायचंय. चार रविवार तुमचे. विषय तुम्हीच ठरवा." हातात भाजीची पिशवी, डोक्यावर ऊन मी म्हणतंय, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "घोडा!"

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ! घरी यांनीही तेच विचारलं. पण मैत्रिणींनो, माझं माहेर दारव्ह्याचं. मूर्तिजापूर–यवतमाळ लायनीवरची शकुंतला तेव्हा चालू होती. आता ती बंद पडली. गाडी आली की स्टेशनबाहेर टांगे उभे असायचे. त्यातले एक चाचा आमच्या ओळखीचे. त्यांच्या घोड्याला मी घरून पोळी न्यायची. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मुठ उघडून तळहात सपाट केला. "ऐसा रख बेटी, नाही तर पोळीसंगं बोटंबी खाऊन घेईल." घोड्याला आपल्या नाकाखालचं दिसत नाही, तो ओठांनी चाचपून खातो, हे मला फार पुढे कळलं. पण तळहातावर त्याचे ते मऊ ओठ आणि गरम श्वास मी आजतागायत विसरलेले नाही. पुढे ऑटो आले, टांगे गेले. चाचांचा घोडा कुठे गेला हे मी कधी विचारलं नाही, कोणी सांगितलंही नाही.

तर रविवार माझे ठरले. माझं काम गोष्ट सांगायचं. चित्रं काढायला मी आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना पकडून आणलं. बी.ए. झालेली मी अर्धवेळ मराठी शिकवते, पण मला साधं मांजर काढता येत नाही. या बाई मात्र फळ्यावर खडूच्या चार रेघा मारतात आणि घोडा पळायला लागतो.

वाचनालयात अ‍ॅना स्युएल या बाईंचं 'ब्लॅक ब्युटी' इंग्रजीत होतं, पाठीचं कापड निघालेलं. तेच मी माझ्या शब्दांत मराठीत सांगितलं. त्या पुस्तकात घोडा स्वतःच आपली कर्मकहाणी सांगतो. लिहिणाऱ्या बाईंची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. चौदा वर्षांच्या असताना त्या पडल्या, पाय दुखावले, आणि पुढे जन्मभर त्यांना धड चालता आलं नाही. कुठे जायचं तर घोडागाडीच. त्यामुळे घोडा हेच त्यांचे पाय. शेवटची काही वर्षं अंथरुणात काढली, तेव्हा जमेल तसं थोडंथोडं लिहून, आईला सांगून हे एकच पुस्तक पुरं केलं. १८७७ च्या नोव्हेंबरात ते निघालं आणि पुढच्या एप्रिलात बाई गेल्या. त्या काळी बड्या लोकांत एक टूम होती. गाडीच्या घोड्याची मान रुबाबात वर राहावी म्हणून तिला वरून लगाम आवळून ठेवायचा. जनावराला चढावावर मान खाली घालून जोर लावायचीसुद्धा सोय नाही. पुस्तकात बाईंनी त्यावर लिहिलं. पुढे त्यांच्या अंत्ययात्रेच्या घोड्यांनाही तसेच लगाम लावलेले दिसले, तेव्हा आईने ते आधी काढायला लावले, असं सांगतात.

हे ऐकताना मुलं इतकी गप्प बसली की मलाच दडपण आलं.

दुसऱ्या रविवारी चित्रकलेच्या बाईंनी हुसेन यांची चित्रं आणली, जुन्या कॅलेंडरातून कापलेली. मकबूल फिदा हुसेन जन्मले आपल्याच पंढरपुरात, १९१५ साली. दीड वर्षाचे असताना आई गेली. मुंबईत आधी सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरलं. लहानपणी पाहिलेला मोहरमच्या मिरवणुकीतला घोडा त्यांच्या मनातून गेला नाही. १९५२ साली चीनला गेले तर तिथेही जुने मातीचे घोडे बघत राहिले. पुढे त्यांचे घोडे जगभर गेले. ते स्वतः २०११ साली लंडनला वारले. त्यांच्या इतर चित्रांवरून वाद झाले, तो विषय मी मुलांपुढे काढला नाही. बाई मुलांना एवढंच म्हणाल्या, "बघा, या घोड्याला मान किती मोकळी दिलीय!"

मग मुलांच्या हाती कागद दिले. बहुतेकांनी नवरदेवाची घोडी काढली. झूल, गोंडे, डोक्यावर तुरा, पाठीवर फेटेवाला. त्यांचं तरी काय चुकलं? यवतमाळच्या मुलांना घोडा दिसतो तो वरातीतच. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे न् तट्टं मिळून साधारण तीन लाख चाळीस हजार निघाली, आधीच्या गणनेच्या जवळजवळ निम्मी. गंमत अशी, की मराठ्यांच्या फौजेत ज्यांचं नाव होतं ती भीमथडी तट्टं ही वेगळी जात म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली २०२४ साली! आजही पुण्या-सोलापूरकडचे धनगर भटकंतीत आपला संसार त्यांच्याच पाठीवर लादतात.

एका मुलाचं चित्र मात्र निराळं होतं. रात्रीचं अंगण, खांबाला बांधलेली घोडी, समोर वैरण तशीच, आणि कान पार मागे वळलेले. मी विचारलं तर तो म्हणाला, "आमचीच हाय मॅडम. बाबा वरातीत नेतात. डीजे असला की रातभर खात नाही ती. अशीच उभी रायते." बाकीची पोरं त्याच्याभोवती गोळा झाली. मग पुढचा अर्धा तास तोच बोलला. घोड्याच्या मागून कधी जायचं नाही, अगदी मागचं त्याला दिसत नाही, दचकून लाथ मारतो. कान पुढे असले तर लक्ष आहे, मागे दाबले तर भ्यायला किंवा चिडला. झापडं बांधली तर बाजूचंही दिसत नाही, नुसताच आवाज येतो. मी शिकवायला गेले होते, आणि बाकावर बसून शिकत होते.

आता खरी अडचण ऐका. मे अखेरीला आमच्या धाकट्या भाऊजींचं लग्न होतं. घोडी ठरली होती, इसार दिला होता. घोडीवाला कोण, हे घरी जाऊन विचारलं, तर त्याच मुलाचे वडील!

दोन दिवस मी गप्प होते. थोरल्या सुनेने लग्नाच्या तोंडावर फाटे फोडू नयेत हे मलाही कळतं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना सासूबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, घोडी नको असं नाही, पण डीजे आणि फटाके तरी नकोत. त्यांनी हातातलं पीठ झटकलं. "त्या माणसाचं पोट त्यावर आहे. तू घोडी भुकेली म्हणतेस, घोडी नाकारलीस तर पोरगं भुकेलं राहील. आणि लोक काय म्हणतील, वरात आहे का सुतक?" पहिल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हे पेपरात डोकं घालून बसलेले.

शेवटी मीच घोडीवाल्याकडे गेले. पैसे ठरले तेवढेच, घोडी फक्त मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत, झापडं नाहीत, वाजंत्री बरीच पुढे आणि फटाके नाहीत. तो हसला, म्हणाला, "ताई, असं सांगणारं पयलंच घर." डीजेच्या जागी बॅन्ड आणायला भाऊजींनी मुकाट्याने मान डोलावली. का, ते मला कळलं नाही. नव्या नवरीने काही सांगितलं असावं.

तरी एका आतेभावाने फटाक्यांची माळ लावलीच. घोडी दोन पावलं मागे सरली, मुलगा लगाम धरून तिच्या मानेला बिलगून काहीतरी बोलत राहिला. भाऊजी तिथेच उतरले आणि मांडवापर्यंत पायी चालत गेले. सासूबाईंचा चेहरा काय झाला ते विचारू नका. चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पण मांडवाच्या दाराशी भिजवलेल्या हरभरा डाळीचं ताट घेऊन त्याच पुढे झाल्या होत्या. मुलाने त्यांची मुठ उघडून तळहात सपाट केला, चाचांनी माझा केला होता तसाच. घोडीने डाळ खाल्ली.

चौथ्या रविवारी तो मुलगा वाचनालयाचं कार्ड काढायला आला. अनामतीचे पैसे घडी घालून वडिलांनी दिले होते. पहिलं पुस्तक कोणतं घेतलं असेल? वाघाचं! मला जरा रागच आला. त्याचं ते रात्रीच्या अंगणाचं चित्र मात्र मी मागून घेतलं. आमच्या स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर लावलंय. सासूबाई पुसताना ते काढतात आणि पुन्हा तिथेच ठेवतात.