पाहुण्यांची भांडी वेगळी

पुण्यात कर्वेनगरला आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ताई, हे पैसे चार माणसांच्या भांड्यांचे. पाहुणे आले तर वेगळे." मला ते टोचलं होतं. त्याच आठवड्यात मी लंडनच्या माझ्या पहिल्या क्लायंटला तासाचा रेट कळवला होता, २५० रुपये. आणि खाली आपणहून लिहिलं होतं की, थोडंफार जास्तीचं काम तसंच करून देईन.

२५० आले कुठून? आधीच्या नोकरीत महिन्याला हातात ४४,००० पडायचे. महिन्याचे २२ दिवस, दिवसाचे आठ तास, म्हणजे १७६. भागाकार केला. मी आता करते ते व्हर्च्युअल असिस्टंटचं (व्हीए) काम म्हणजे दुसऱ्याचा इनबॉक्स आवरणं, भेटीगाठी जुळवणं, तिकिटं काढणं, थकलेल्या बिलांचा पाठपुरावा. पण त्याभोवतीचे कितीतरी तास कुणीच मोजत नाही. नवं काम मिळवायला लिहिलेल्या मेल. स्वतःची बिलं. गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवली की लॅपटॉप उचलून मैत्रिणीचं घर गाठणं. लंडनला दुपारचे चार वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. तोवर जेवण झाकून ठेवून बसणं. नोकरीत या सगळ्याचा पगार मिळतो. भरपगारी रजा आणि पीएफही मिळतो. मी ते धरलंच नव्हतं.

एक महिना वहीत दर अर्ध्या तासाची नोंद ठेवली. दिवसाला खुर्चीत आठ तास, बिलात साडेचार. वर्षाचे १०४ शनिवार-रविवार, सणांचे आणि आजारपणाचे मिळून २१ दिवस वजा केले की उरतात २४०. त्यांचे बिलात जाणारे तास १,०८०. या तासांना २५० रुपयांनी गुणलं तेव्हा वर्षाचे २,७०,००० आले, महिन्याला २२,५००. जुन्या पगाराच्या जेमतेम निम्मे. ती संख्या मी तीनदा तपासली.

मग उलटं मोजलं. वर्षाचा घरखर्च ४,८०,०००. विमा, इंटरनेट, इन्व्हर्टर, पुढच्या लॅपटॉपची तजवीज ९६,०००. पीएफच्या जागी बचत ७२,०००. एकूण ६,४८,०००, भागिले १,०८०. तासाचे ६००. त्याखाली उतरणं म्हणजे पदरचे पैसे घालून काम करणं.

हा हिशोब पुण्यात माझ्या आधी फार जणींनी मांडलेला आहे. १९८० साली इथल्या मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि आजारपणाच्या रजेसाठी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. धुणं, भांडी, फरशी अशी कामागणिक दरपत्रकं या संघटनेने काढली. आम्हा व्हीएंकडे तसं दरपत्रक नाही. प्रत्येक जणी आपापल्या घरात एकटी बसून भाव सांगते, आणि शेजारणीने काय सांगितला हे कुणाला ठाऊक नसतं. आपण एकमेकींना रेट उघड सांगायला हवेत, असं मला फार कळकळीने वाटतं.

तासाच्या हिशोबाची एक खोट मात्र ६०० करूनही गेली नाही. हात बसला की काम लवकर उरकतं, आणि लवकर उरकलं की पैसे कमी. ज्या इनबॉक्सला मला तीन तास लागायचे तो आता सव्वा तासात आवरतो. शिकल्याबद्दलचा हा दंड मला मान्य नाही. म्हणून ओळखीच्या कामाला महिन्याची ठरलेली रक्कम घेते, कामांची यादी लिहून देऊन. तासाचा रेट फक्त नव्या, अंदाज नसलेल्या कामाला. यादीबाहेरचं आलं तर त्याचे पैसे वेगळे, हे आधीच सांगते. मावशींसारखं, पहिल्याच दिवशी.

रेट वाढवल्याचं कळवलं तेव्हा तीनपैकी एक क्लायंट गेला, दोघं राहिले. मावशींच्या रजांचे पैसे मी कापायचे, ते त्या महिन्यापासून बंद केलं.