पाणी पाजणे

आमचे वडील, अण्णा, उभी हयात शाळेत मराठी शिकवत आले. सामान्यरूपाची चूक त्यांच्या लेखी अक्षम्य. तेच अण्णा वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, वैशाखातल्या एका दुपारी, 'पाणीत भांडे दे' असे म्हणाले. थट्टा असावी, असे समजून आम्ही हसलो. संध्याकाळी ते आम्हांस आमच्या दिवंगत काकांच्या नावाने हाक मारू लागले, आणि रात्री वर्तमानपत्र उलटे धरून शांतपणे वाचत बसले. स्मृतिभ्रंश हा शब्द घरात कुणीतरी दबक्या आवाजात उच्चारला.

रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम ११६ भरले. ते १३५ ते १४५च्या दरम्यान असावे लागते. डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पितात?" आम्ही काहीशा अभिमानानेच चार लिटर म्हणून सांगितले. उन्हाळा म्हणून तासातासाला पेला पुढे करण्याची जबाबदारी आमचीच होती. रक्तदाबासाठी जेवणातले मीठ जवळजवळ बंद केले होते, शिवाय लघवी वाढवणारी थायाझाइडची गोळी सुरू होती. 'पाणी पाजणे' या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ आम्हांस तेव्हा आठवला.

त्या रात्री बाकावर बसून आम्ही मूत्रपिंडाविषयी जे मिळेल ते वाचले. निरोगी माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर वगळता बाकी सारा परत घेतात. परत किती घ्यायचे, याचे निरोप मात्र बाहेरून येतात. रक्त दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला ते कळते. तिथे तयार होणारे व्हॅसोप्रेसिन पियूषिका ग्रंथीतून रक्तात उतरते, मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींवर पाण्याची सूक्ष्म दारे उघडतात आणि पाणी माघारी वळते. मिठाचा कारभार निराळा. मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या ग्रंथीतले अल्डोस्टेरॉन सोडियम राखते आणि पोटॅशियम सोडते. याच्या उलट निरोप देते ते हृदय! रक्ताचे आकारमान वाढून कर्णिका ताणली गेली की तिच्यातून मीठ सोडून देण्याची आज्ञा निघते. डी बोल्ड यांनी कॅनडात हे १९८१ साली दाखवले. कवींनी हृदयावर इतके ओझे लादले, पण हे काम कुणाला सुचले नव्हते.

'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५मध्ये रूढ केला. त्याच्या ग्रीक मुळात गती देणे, चेतवणे असा अर्थ आहे. आपल्या 'संप्रेरक'मध्ये तर प्रेरणाच दडलेली आहे, आणि प्रेरणा म्हटले की आम्हां साहित्यवाल्यांना काव्यशास्त्राखेरीज काही दिसत नाही. असो.

अण्णांच्या शरीरात दोन निरोपांचा झगडा लागला होता. रक्त पातळ झाले होते, म्हणजे व्हॅसोप्रेसिन थांबायला हवे होते. पण गोळीने मीठ वाहून नेले, त्याबरोबर द्रवाचे आकारमान घटले, आणि आकारमान घटले की शरीर पातळपणाची पर्वा न करता पाणी धरून ठेवते. अतिशय पातळ लघवी करण्याची मूत्रपिंडाची क्षमताही त्याच गोळीने कमी केलेली. आम्ही प्रेमाने दिलेल्या पेल्यांना बाहेर जायला वाट नव्हती. ते पाणी पेशींत शिरले. इतर अवयवांना सुजायला जागा असते, कवटीतल्या मेंदूला नसते.

वीस-पंचवीस एकक सोडियम कमी झाले आणि आमच्या वडिलांची विभक्ती गेली, आमचे नाव गेले. ज्याला आम्ही अण्णा म्हणत होतो तो या मिठात किती विरघळलेला होता, हा प्रश्न त्या रात्री सुटला नाही, आजही सुटलेला नाही.

उपचार घाईचे नव्हते. गोळी बंद, पाणी मोजून, जास्त मिठाचे सलाईन थेंबाथेंबाने. सोडियम चोवीस तासांत आठ-दहा एककांहून अधिक चढू द्यायचे नसते. एकदम वाढले तर मेंदूतल्या तंतूंचे आवरणच नष्ट होऊ शकते. त्यामुळे भाषाही हप्त्याहप्त्याने परतली. आधी नावे, मग क्रियापदांचे काळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भिंतीवरच्या सूचनेकडे बराच वेळ पाहत होते.

"अरे, 'रुग्ण'मधला रु ऱ्हस्व असतो. सांग त्यांना."

आम्ही उठलो, तसे त्यांनी पाणी मागितले. सिस्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "आजोबा, दुपारपर्यंत शंभर मिलीच उरलंय."

अण्णांनी ते दोन घोटांत संपवले नाही. चमच्याने प्यायले.