काकांचा पहिला प्रश्न

बुधवार पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता काका कॉम्प्युटरकडे वळले. माझा डीटीपीचा धंदा तगला तो त्यांच्यामुळे.

तेव्हा मी नारायण पेठेत घरच्या घरी, पेजमेकर आणि श्रीलिपीवर, पुस्तकं नि दिवाळी अंक लावून द्यायची. मशीन सेकंडहँड, त्यावर विंडोज एक्सपी. गणपती उठले की दिवाळी अंकांची कामं अंगावर येतात, आणि नेमकं त्याच दिवसांत मशीन रखडायला लागलं. फाईल उघडायला टाकून चहा करून यावा, तरी पान दिसत नसे. माऊससुद्धा अडखळायचा. व्हायरस शोधून झाले, रात्रभर डीफ्रॅग झालं. येणारा प्रत्येक जण म्हणे, "फॉरमॅट मारा," नाहीतर "हार्ड डिस्क गेली, नवी घ्या."

काका आले. कॅबिनेटला हातही न लावता त्यांनी विचारलं, "ताई, बॅकअप कुठाय?" जो होता तो सीड्यांवर विखुरलेला. मग त्यांनी स्वतःची डिस्क जोडून माझ्या सगळ्या फाईली तिच्यावर उतरवायला घेतल्या. मशीनच संथ, त्यामुळे कॉपीही संथ. दुपारभर बसून राहिले.

बसल्या बसल्या टास्क मॅनेजर उघडून दाखवला. "नुसती कॉपी चाललीय, तरी प्रोसेसर केवढा गुंतलाय बघा. डिस्क अडकत असती, तर हा वाट बघत रिकामा बसला असता. इथं हाच हमाली करतोय."

डिव्हाइस मॅनेजरमध्ये, प्रायमरी आयडीई चॅनलच्या खिडकीत, उत्तर लिहिलेलंच होतं: पीआयओ मोड. डीएमए चालू असेल तर डिस्कवरचा डेटा थेट मेमरीत जातो, प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये प्रत्येक तुकडा प्रोसेसरलाच उचलून ठेवावा लागतो. सेकंदाला १०० एमबीपर्यंत जाऊ शकणारा रस्ता त्यामुळे फार तर १६.६ एमबीवर येतो. हे एक्सपी आपणहून करतं. डेटा पोचताना चुका होऊ लागल्या आणि त्या सहाच्या वर गेल्या, की ते वेग एक पायरी उतरवतं. असं उतरत उतरत शेवटी पीआयओवर येतं, आणि तिथून आपणहून वर चढत नाही. मशीन बिघडलं नव्हतं, माझी पानं जपत हळू चाललं होतं.

चुकांचं मूळ रिबन केबलमध्ये निघालं. त्या वेगाला ८० तारांची केबल लागते. त्यातल्या ४० तारा नेहमीच्या आणि मधल्या ४० नुसत्या अर्थिंगच्या, शेजारच्या तारेतला गोंगाट अडवायला. माझी केबल कनेक्टरपाशी दुमडून मोडली होती. काकांनी ती बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनल काढून टाकलं, मशीन पुन्हा चालू केलं. विंडोजनं चॅनल नव्यानं ओळखलं: अल्ट्रा डीएमए मोड ५.

पैसे फक्त केबलचे घेतले. दुपारचे किती, असं विचारलं तर म्हणाले, "आधी अंक वेळेवर जाऊ दे." पुढं त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी लावली आणि पैसे नको म्हटलं, तर रागावले. "कागदाचे तरी घ्या!" कागदाचे घेतले.

एक्सपीला मिळणारा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ला थांबवला. रुंद रिबन जाऊन साटाची बारीक केबल आली. तरी बऱ्याच डिस्कच्या स्मार्ट नोंदीत १९९ क्रमांकावर डेटा पोचतानाच्या चुका मोजलेल्या असतात. तो आकडा वाढत असेल, तर डिस्कआधी केबलवर संशय घ्यायचा. नवी डिस्क घ्यायला निघालेल्या कितीतरी जणांना मी आधी तो बघायला लावलाय. काहींची डिस्क खरंच गेलेली निघाली. पण तोवर त्यांच्या फाईली दुसरीकडे उतरवून झालेल्या होत्या, कारण काकांचा पहिला प्रश्न मीही पहिलाच विचारते.