पान्हा चोरणारी स्वारी

ऑक्सिटोसिन म्हणजे अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा जीव. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये तिचा जन्म, पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात मुक्काम आणि रक्तात उतरली की आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं. तेवढ्यात ती गर्भाशयाला कळा आणते, दूध उतरवते. मेंदूच्या आतही तिची ये-जा असते; तिथं ती कुणाच्या शेजारी बसायचं यात लक्ष घालते.

व्हॅसोप्रेसिन ही तिची सख्खी बहीण. नऊपैकी सात अमिनो आम्लं दोघींची तीच. बहिणीकडे शरीरातल्या पाण्याचा हिशेब. दोघी इतक्या सारख्या, की कधीकधी एकमेकींच्या घरात शिरतात आणि पेशीही त्यांना आत घेतात.

माणसाला तिची चाहूल लागली ती १९०६ मध्ये. हेन्री डेल यांनी पिट्युटरीचा अर्क गाभण मांजरीला दिला आणि तिचं गर्भाशय आकुंचन पावलं. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी तिला प्रयोगशाळेत घडवलं. दोन वर्षांनी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एकदा हातात घेतलेलं काम ती अर्धवट सोडत नाही. बहुतेक संप्रेरकं पुरेसं झालं की आवरतं घेतात. हिचं उलट. बाळाचं डोकं खाली दाबलं जातं, तशी ती आणखी स्रवते. ती स्रवली की कळा वाढतात, कळांनी दाब वाढतो. बाळ बाहेर येईपर्यंत थांबायचं नाव नाही.

मात्र ही स्वारी भित्री आहे, हे गोठ्यात चांगलं कळतं. रोजचा गवळी आला नाही, जागा बदलली, शेजारी कुत्रं भुंकलं, की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध भरलेलं असतं, पण धार येत नाही. घाबरलेल्या जनावराचा मेंदू ऑक्सिटोसिन सोडत नाही, आणि ॲड्रेनालिन कासेकडचा रक्तपुरवठा आक्रसून उरलंसुरलंही अडवतं. मग रेडकू आणून कासेला लावायचं, पाठीवरून हात फिरवायचा, जरा वाट बघायची. जाणता गवळी हे पिढ्यान् पिढ्या करत आला आहे. संप्रेरकाचं नाव ठाऊक नसताना त्याचा स्वभाव त्यानं अचूक ओळखला होता.

ज्यांना वाट बघायची नसते, ते सुई टोचतात. दूध काढण्यासाठी या इंजेक्शनचा गैरवापर होतो म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ते बनवायला बंदी केली. वर्ष संपायच्या आत दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली. मला तो निर्णय योग्य वाटतो. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला १० युनिटचं हेच इंजेक्शन बाईचा जीव वाचवतं; गोठ्यातल्या लबाडीसाठी बाळंतिणीचं औषध दुर्मीळ करणं कुठला न्याय?

उकाडा मात्र तिला सोसत नाही. २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवली तर ठीक, नाहीतर हळूहळू तिचा दम जातो. वीज नसलेल्या आरोग्य केंद्रात ती बाटलीत असते, पण तिचा भरवसा नसतो.

तिचा खरा स्वभाव उलगडला तो अमेरिकेतल्या इलिनॉयच्या गवताळ माळावर. लोवेल गेट्झ तिथं उंदरासारखे छोटे प्राणी पकडायला सापळे लावत. प्रेअरी व्होल हे त्यांचं नाव. सापळ्यात पुन्हापुन्हा तेच नर-मादी एकत्र सापडू लागले. सस्तन प्राण्यांत असा संसार विरळाच. त्यांच्या सहकारी सू कार्टर यांनी पुढं या संसारामागची संप्रेरकं शोधली. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, की समागम न होताही सोबतचा नर तिला आपलासा वाटू लागतो, हे त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं. डोंगरात एकेकटी राहणारी व्होलची एक भावकीही आहे. टॉम इन्सेल आणि लॉरेन्स शपिरो यांनी १९९२ मध्ये दोन्ही मेंदूंची तुलना केली. संसारी व्होलच्या मेंदूत, जिथं सुखाची ओढ घडते तिथंच, या संप्रेरकाला झेलणारे ग्राहक रेणू दाट होते. एकलकोंड्याच्या मेंदूत तिथं फारसे नव्हते. संप्रेरक तेच, स्वागत निराळं.

२०१६ मधला व्होलच्या जोड्यांवरचा एक प्रयोग मला फार आवडतो. जोडीदाराला दूर नेऊन सौम्य विजेचे झटके देऊन परत आणलं. दुसऱ्यानं काहीच पाहिलं नव्हतं, तरी तो त्याला बराच वेळ चाटत, कुरवाळत बसला. मेंदूच्या ठरावीक भागात ऑक्सिटोसिनची वाट अडवली, की ही समजूत काढणं बंद. आणि समोर अनोळखी व्होल असला, तरीही बंद! एखाद्या आत्याबाईंची हीच तऱ्हा असते: घरच्यांसाठी रात्र जागतील, परक्याला उंबऱ्यातच उभं करतील.

माणसांतही ही पारख दिसते. २००३ मध्ये मार्कुस हाइनरिश्स यांनी काही पुरुषांना परीक्षकांपुढं भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली. ज्यांच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारलं होतं आणि तयारीच्या वेळी जिवलग मित्रही सोबत होता, त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, सर्वांत कमी राहिलं. मित्र जवळ असला, की तिला जोर चढतो.

दोन वर्षांनी तिच्या फवाऱ्यानं माणसं परक्यांवर पैशांचा विश्वास टाकतात, असा निष्कर्ष गाजला आणि तिला 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणून मिरवलं गेलं. पुढं मोठ्या प्रयोगात तो परिणाम सापडला नाही. ॲमस्टरडॅमच्या अभ्यासात तर ऑक्सिटोसिन घेतलेले डच लोक डच माणसांकडे अधिक झुकले. ती आपल्यांची बाजू घेते, आणि आपलं कोण हे आजूबाजूचं जग ठरवतं. यात मला तिचा दोष दिसत नाही. तिला नुसतं प्रेमळ म्हणणाऱ्यांनी तिला नीट पाहिलंच नाही, एवढंच.

२०२३ मध्ये तिला आणखी एक धक्का बसला. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी जनुकं कापून असे व्होल तयार केले, ज्यांच्यात तिचे ग्राहकच नव्हते. तरी त्यांनी जोड्या जमवल्या, संसार केला, माद्या व्याल्या, त्यांनी पिल्लांना पाजलंही. फक्त दूध तुटेपर्यंत जगलेली पिल्लं कमी होती, आणि जी जगली ती वजनानं हलकी भरली.