बोटांना लागलेला चेंडू

नगर,
रविवार दुपार

चि. बाळ,


तुझं पत्र गुरुवारी मिळालं. शाळेने मुलींचा व्हॉलीबॉल संघ तुझ्या हाती दिला हे वाचलं आणि तुझी मामी ते सांगायला लगेच शेजारी गेली. मी मात्र तुझ्या दोन प्रश्नांपाशीच अडकलो. सामन्याआधी मुलींना घेऊन प्रार्थना करावी का? आणि निवड चाचणी रविवारी सकाळी आली तर उपासना सोडावी का?

प्रार्थनेचं आधी लिहितो. मी शाळेत संघ घेऊ लागलो तेव्हा सुरुवातीची काही वर्षं मुलींना गोल उभं करून मोठ्याने प्रार्थना करायचो. एकदा मध्येच डोळे उघडले, तर निम्म्या मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 'आमेन' कधी म्हणायचं, याची वाट बघत होत्या बिचाऱ्या. संघातली जागा जाऊ नये म्हणून कुणी 'आमेन' म्हणावं, हे माझ्या प्रभूला आवडणार नाही, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. पुढे मी पहाटे मैदान आखायला फक्की टाकताना प्रार्थना करू लागलो. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद. ताणलेल्या दोरीवरून वाकून फक्की सोडत जायचं आणि एकेका मुलीचं नाव घ्यायचं. बदली खेळाडूंची नावं आधी घ्यायचो, कारण दिवसभर मैदानावर त्यांच्या नावाने कुणी ओरडत नाही.

आता रविवार. तू एरिक लिडलचं उदाहरण दिलंस. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो धावला नाही. पण त्याने हे ऐन वेळी सांगून कुणाला तोंडघशी पाडलं नव्हतं. वेळापत्रक कळताच, कितीतरी महिने आधी, त्याने आपला निर्णय सांगितला आणि चारशे मीटरच्या तयारीला लागला. त्या शर्यतीत ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं. माझे गुरुजी मद्रासच्या वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकलेले. ते कॉलेज १९२० मध्ये काढणारे हॅरी बक त्याच ऑलिम्पिकला भारतीय संघाबरोबर गेले होते. त्यामुळे गुरुजी पॅरिसची गोष्ट घरातली असल्यासारखी सांगायचे.

पुढची गोष्ट मात्र मला फार उशिरा वाचायला मिळाली. लिडल मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, मोडक्या हॉकी स्टिका दुरुस्त करून द्यायचा. रविवारी मात्र खेळ नाही. पण मुलं कंटाळली, एका रविवारी आपली आपणच खेळली आणि पंच नसल्यामुळे हाणामारी झाली. पुढच्या रविवारी लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत गेला, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी. बाळ, शंभर मीटर सोडणाऱ्या लिडलबद्दल मला आदर आहे, पण शिक्षक म्हणून मी जन्मभर या दुसऱ्या लिडलकडे बघत आलो. तुझ्या रविवारचं तू ठरव. जे ठरवशील ते हंगामाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना सांग, आणि चाचणीला मुलींबरोबर मोठं कोण जाणार, तेही पक्कं कर. त्यांना वाऱ्यावर सोडू नकोस.

तू न विचारलेलं एक सांगायचं आहे. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही.

तालुक्याचा अंतिम सामना. तिसरा सेट, आम्ही चौदा, ते तेरा. त्यांच्या मुलीने स्मॅश मारला आणि चेंडू आमच्या ब्लॉकरच्या बोटांना चाटून बाहेर गेला. मी बाकावरून स्पष्ट पाहिलं. पंचांना दिसलं नाही, त्यांनी गुण आम्हाला दिला आणि शिट्टी झाली. बाकीच्या मुली नाचायला लागल्या. ही एकटी जाळ्यापाशी उभी होती. हात छातीपर्यंत वर आलेला, आणि नजर माझ्याकडे. मी नुसती मान डोलावली असती तरी तिने हात वर केला असता. मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधू लागलो. नाडी सुटलेली नव्हती.

ढाल अजून शाळेच्या कपाटात आहे. त्याच सकाळी फक्की टाकताना मी तिचं नाव घेतलं होतं, हे आठवलं की आजही जीव गोळा होतो. नंतरच्या वर्षांत संघात सर्वांना एकच ताकीद असायची: चेंडू लागला की हात वर, मग पंच काहीही म्हणोत. दोन सामने आम्ही त्यापायी हरलो. वयाचा खोटा दाखला घेऊन आलेल्या पालकांना परत पाठवणंही मला त्यानंतरच जमायला लागलं.

ती मुलगी आता राहुरीला असते, दोन लेकरांची आई आहे. दर नाताळात फराळाला येते, 'सर' म्हणून वाकून नमस्कार करते. त्या चेंडूबद्दल आम्ही कधी बोललेलो नाही. तुला हे पत्र लिहायला बसलो तेव्हा ठरवलं, या वर्षी ती आली की करंज्यांचं ताट पुढे करण्याआधी विषय मीच काढायचा.

तुझा,
मामा